झाडू कोणाच्या हाती

अंजनाला शिव्या नवीन नव्हत्या. केनवडसारख्या गावात ग्यानबाची पोर म्हणून वाढताना त्या तिला न मागता मिळत आल्या होत्या. पण एक बारकासा दिवा भलत्या जागी लागला म्हणून शिवी खायची पाळी तिच्याआधी कुणावर आली असेल असं मला वाटत नाही.

वाशीमला आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा देवमन एस.टी.त कंडक्टर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. ती मॅट्रिक झालेली. कचेरीजवळ हबीबचं जिल्दसाजीचं दुकान होतं, तिथं ती वकिलांच्या फायलींचे पुठ्ठे चिकटवायला जायची. खळीत किडे होऊ नयेत म्हणून हबीब मोरचूद घालायचा, त्यानं तिची नखं कायम निळसर. कुणीही काही विचारलं की ती सरळ डोळ्यांत बघून उत्तर द्यायची. लोकांची तिच्याबद्दलची पहिली तक्रार हीच होती.

तिचा बाप ग्यानबा केनवडलाच राहायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि परतल्या दिवसापासून गावकीची कामं त्यानं बंद केली. त्याआधी पुंजाजी पाटलांचं अंगण त्याच्या घरची माणसं झाडत. तेही थांबलं. पुढं त्यानं मजुरी करून करून थोडं वावर घेतलं. सगळं होऊन वीस वर्षं उलटली होती, पण पाटलांच्या लेखी ती कालची गोष्ट होती. पाटील ती उकरून काढत नसत, एवढंच. निखाऱ्यावर राख सारून ठेवावी तसं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मोहनसिंगच्या दुकानात ती पेटी आली. मोहनसिंग वह्या, शाई, फुगे, कॅरमच्या सोंगट्या असं काय काय विकायचा. या पेटीच्या झाकणावर चष्मा घातलेल्या पोराचं चित्र होतं. आत दोन सेल, वर बारकासा दिवा, आणि पितळी टिकल्यांच्या दोन रांगा. त्या टिकल्यांवर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं पान बसवायचं. पानाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तरं. दोन तारा. एक प्रश्नाच्या टिकलीला लावायची, दुसरी उत्तराच्या. उत्तर बरोबर असलं तर दिवा लागायचा. मुलं तर मुलं, बार रूममधले वकीलसुद्धा त्या दिव्यासाठी भांडायला लागले. कुणाचं उत्तर चुकलं की म्हणायचं, "दिवा लागला नाही ना? मग गप्प बस." दिवा म्हणजे शेवटचा शब्द.

कंपनीनं पेटीबरोबर मोजकीच पानं दिली होती. प्राणी, देशांच्या राजधान्या, फुलं, असली. महिनाभरात मुलांची ती पाठ झाली. आमच्या लेकीची पेटी फळीवर जाऊन पडली. अंजना एकदा काही द्यायला आली होती, तिनं ती खाली काढली, तारा लावून पाहिल्या आणि म्हणाली, "वैनी, ह्याच्यात कोनती टिकली कोनत्या टिकलीले जोडली हाय, ते तं ठरलेलंच हाय. मंग पान काय, कोनतंबी लिवता येते."

कंपनीचं पान पुठ्ठ्यावर ठेवून तिनं टोच्यानं भोकं पाडली आणि आपले प्रश्न लिहिले. कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी. कोणतं बी कधी पेरतात. वाशीमहून कुठं जायला कुठं गाडी बदलायची. हे तिला नवऱ्याकडून पाठ होतं. अक्षर मोत्यासारखं नव्हतं, पण ठसठशीत होतं. आमच्या लेकीनं पेटी पुन्हा खाली काढली ती फळीवर गेलीच नाही.

मोहनसिंगनं पहिल्यांदा नाक मुरडलं. "कंपनीच्या पेटीले गावठी पानं? उद्या म्हनसान बैलाले मोटारीचे चाकं लावा." मग गिऱ्हाईक अंजनाची पानं मागायला लागलं. पानांपायी पेट्याही खपायला लागल्या. तेव्हा त्यानं ती काउंटरवर काचेखाली मांडली आणि दर आठवड्याला विचारायला लागला, "काहून वो अंजनाबाई, या बारीले पानं कमी?" पेटी बिघडली तरी लोक दुकानात न जाता अंजनाच्या दारात येत. ती टिकल्यांचा गंज चिंचेनं काढायची, ढिली तार पिळायची, सेल उलटे बसवले असले तर सुलटे करायची. कुणाला नाही म्हणायची नाही.

पानाच्या मागं ती नाव लिहायची. सौ. अंजना, वाशीम. ते हबीबनं सांगितलेलं. "नाम लिख, बहन. कल कोई बोलेगा, ये मेरा माल है." नाव कुणी चोरलं नाही. उलट झालं. नाव होतं म्हणूनच ती सापडली.

तिचं एक पान होतं, "हे कोणाच्या हाती?" डावीकडे वस्तू: वस्तरा, करवत, सुई, तराजू, खडू, काठी, झाडू. उजवीकडे माणसं: न्हावी, सुतार, शिंपी, दुकानदार, मास्तर, पाटील, अशी. आमच्या लेकीचं हे आवडतं पान. मी ते पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. झाडूसमोर अंजनानं काय लिहिलं होतं, ते मात्र मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास नव्या पेट्या आल्या. तेच झाकण, तोच चष्म्यातला पोरगा. फक्त दिव्यावरची टोपी पांढरीच्या जागी लाल. मोहनसिंगनं जुन्या आणि नव्या एकाच ढिगात ठेवल्या. कुणी विचारलं, दोन्हींत फरक काय, तर म्हणायचा, "लाल जास्त चमकते." आणि काचेखाली शिल्लक राहिलेली अंजनाची पानं नव्या पेटीबरोबर हातात कोंबायचा. "हे घ्या, सोबत लागतेच."

पुंजाजी पाटील असेच एक लाल टोपीची पेटी नातीसाठी घेऊन गेले.

त्यांच्या थोरल्या नातीच्या लग्नाची बोलणी चालली होती. रिसोडकडचे पाहुणे बैठकीत लोडाला टेकून बसलेले. धाकटी नात पेटी घेऊन मध्ये आली आणि मोठ्यानं विचारलं, "आबा, सांगा, झाडू कोणाच्या हाती?" पाटील कौतुकानं हसले. तिनं एक तार झाडूला लावली आणि दुसरी उत्तरांवरून फिरवायला लागली. न्हावी, अंधार. मास्तर, अंधार. पाटील म्हटलं आणि दिवा भक्कन लागला.

पाहुण्यांतला एक जण हसला म्हणे. बाकीचे मिशीत. बोलणी त्या दिवशी पुढं सरकली नाहीत. पाटलांनी पान उलटं केलं, मागचं नाव वाचून घेतलं आणि विचारलं, "ही अंजना म्हंजे ग्यान्याची पोट्टी का?"

दुसऱ्या दिवशी ग्यानबा पहिल्या गाडीनं वाशीमला आला. अंजनाच्या उंबऱ्यावर बसला, पाणीसुद्धा घेईना. मी भाजी निवडायला तिच्याकडेच बसले होते.

"काय लिवलं तू त्या पुठ्ठ्यावर?" तो म्हणाला.

"कोनत्या?"

"झाडू देल्ला म्हने तू पाटलाच्या हाती. पाहुण्याईच्या समोर. साऱ्या गावात हेच चालू हाय."

अंजनानं आधी हसून घेतलं. "काहीतरीच, बा. पाटलाच्या हाती म्या काठी देल्ली हाय."

"दिवा लागला म्हनते ना पन! दिवा खोटं कसं बोलंन?"

"कोन म्हनते लागला?"

"पाटील म्हनते. पाहुणे म्हनते. त्याह्यची नात म्हनते. तू एकटी म्हनतं नाई लागला." ग्यानबानं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "पांदण बंद करतो म्हने. बाजाराच्या दिवसापर्यंत तुवा आंगनात येऊन पाय धरून माफी मांगाची. नाई तं बाभळीच्या काट्या लावतो म्हने."

ती पांदण म्हणजे ग्यानबाच्या वावरात जायची वाट. पाटलांच्या शेतातून जायची. दुसरी वाट नाल्याच्या पोटातून, बैलाला चढवत नाही आणि माणसाला सोसवत नाही अशी.

"दोन शबुद म्हन, पोरी," म्हातारा म्हणाला. "शबुदाले काय लागते? माहं वावर अडते."

अंजनानं स्वतःची पेटी काढली, पांढऱ्या टोपीची. पान बसवलं, तारा लावल्या. काठीला पाटील, दिवा लागला. झाडूला पाटील, अंधार. तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा अंधार.

"पाह्य," ती म्हणाली.

ग्यानबानं पेटी हातानं परत सारली. "मले कायले दाखोतं? मी का तुह्यावर दावा लावून राह्यलो?"

ती तडक मोहनसिंगच्या दुकानाकडे निघाली. मलाही तिकडंच जायचं होतं, कारण आमच्याकडे वेगळाच तमाशा चालू होता. दिरानं लेकीला नवी पेटी आणली होती, आणि जुन्या पेटीबरोबर आलेलं कंपनीचंच प्राण्यांचं पान त्यावर ठेवलं की गाय अंडं द्यायची. मी पेटी आणि पान पिशवीत टाकलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुकानात गर्दी होती. मोहनसिंगला केनवडचा निरोप आधीच आला असावा, कारण अंजनाला पाहताच त्यानं आवाज चढवला.

"आली का? माह्या दुकानाचं नाव बुडवलं तुवा! पाटील मानूस हाय तो, केनवडचं सारं गिऱ्हाईक त्याच्या हाती. तुले लिवाले भेटलं म्हून कोनाच्याबी अंगावर घान फेकसान का?"

"मोहनसिंगभाऊ, पान बरोबर हाय. तुमच्याच पेटीवर लावून पाहा."

"पाह्यलं म्या! दिवा लागते पाटलावर. डोळे फुटले नाई माहे."

गर्दीतून कुणी म्हणालं, "ह्या लोकायच्या मनातच असते ते. नाई निघत." दुसरं कुणी म्हणालं, "शिकल्या ना! मंग होनारच." हे बोलणारे कोण ते मी पाहिलं. एकाच्या घरची पेटी अंजनानं मागल्याच आठवड्यात दुरुस्त करून दिली होती.

मी माझी पेटी काउंटरवर ठेवली. "मोहनसिंग, आधी हे पाहा. ही तुमच्याकडची नवी पेटी, आणि हे कंपनीचं पान, छापलेलं. लावा तार गाईला."

त्यानं लावली. दूध म्हटल्यावर अंधार. अंड्यावर गेला आणि दिवा लागला. दुकान खदखदून हसलं. कुणी म्हणालं, "अबे, विलायती गाय असंन!" कुणी म्हणालं, "ऑम्लेट घरीच होते आता!" मग वाघाला लावली. वाघ गवत खात होता. लोकांनी पोट धरलं.

हसणं जरा ओसरल्यावर अंजना म्हणाली, "गाईनं अंडं देल्लं तं तुमी हासून राह्यले. तो छापाचा गुन्हा. आन माह्या पानावर दिवा चुकला तं ते माह्या मनातलं."

दोघंतिघं वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघायला लागले.

मोहनसिंगनं पेटी माझ्याकडे सरकवली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकासमोर हे कायले? आतल्या तारा बदलल्या हायत कंपनीनं. अकोल्याचा एजंट सांगून गेला. गावोगाव लोकं घरीच पानं कराले लागले ना, त्यायचं चालू नाई म्हून. नव्या पेटीले नवेच पानं लागते."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं," अंजना म्हणाली.

"ठाऊक म्हंजे..."

"आन तरी माहे जुने पानं नव्या पेटीसंगं देल्ले."

"पडून होते ते! मंग का जाळू?" तो एकदम उखडला. "आन कंपनीनं तारा बदलल्या त्या कोनापायी? तुह्यासारख्यायपायीच!"

"बरं. मंग हेच केनवडले येऊन सांगा पाटलाले. एवढंच. तारा बदलल्या म्हून."

"मी? मी कायले सांगू? म्हंजे पाटील म्हननार, मोहनसिंगनं मले वाईट माल देल्ला. चाल, निघ. उचल तुहे पानं." त्यानं काचेखालची सगळी पानं ओढून काढली आणि तिच्या अंगावर टाकली. काही रस्त्यावर गेली. तिनं एक एक उचलून पदरानं पुसलं.

परत येताना हबीबच्या दुकानाशी थांबलो. तो मांडीत पुस्तक धरून शिवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दातानं तोडला. "बहन, मेरी मान. माफी मांग ले, रास्ता खुलवा ले. झुकने से कोई मरता नहीं."

"मरत नाई, भाई," अंजना म्हणाली. "पन एकदा वाकलं का मंग बसता उठता वाकाले सांगते. माह्या बानं वीस वर्स मान सरळ ठेवली, ते काय मी जाऊन वाकवू?"

"और रास्ता?"

अंजनानं पानं पदरात गुंडाळली आणि चालायला लागली.

बाजाराच्या दिवशी ती केनवडला गेली. दोन्ही पेट्या लागणार होत्या. लाल टोपीची पेटी माझी होती, म्हणून मीही गेले. देवमनची ड्यूटी दुसऱ्या गाडीवर होती.

पाटलांचं अंगण मोठं, शेणानं सारवलेलं, खराट्याच्या ताज्या रेघा उमटलेल्या. भिंतीला झाडू टेकवून ठेवला होता. ग्यानबा फाटकाजवळ उभा. बाजाराला निघालेली माणसं आत येऊन कडेकडेनं उभी राहिली, फुकटचा तमाशा कोण सोडतो. पाटील ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. "या, ताई, तुमी कायले तसदी घेतली? अरे, खुर्ची आना." खुर्ची एकच आली. ती तशीच रिकामी राहिली.

"बोल," पाटील अंजनाला म्हणाले. "मांग माफी आन मोकळी हो. मले बाजाराले जाचं हाय."

"आधी दिवा पाहा, पाटील. मंग बोलतो."

"म्या पाह्यला तुहा दिवा. माह्या पाहुण्यायनंबी पाह्यला."

"अर्धा पाह्यला."

गर्दीत कुजबुज झाली. पाटलांच्या कपाळावर आठी आली, पण सगळे बघत होते, म्हणून त्यांनी हातानंच 'दाखव' अशी खूण केली. अंजनानं पेट्या ओट्याच्या कडेला मांडल्या आणि आधी लाल टोपीवर कंपनीचं पान लावलं. गाईनं अंडं दिलं. वाघानं गवत खाल्लं. गर्दी हसली. पाटलांची धाकटी नात धावत आली आणि पुन्हा पुन्हा गाईला तार लावून बघायला लागली. मग अंजनानं आपलं पान लावलं. वस्तरा मास्तरांच्या हाती, करवत शिंप्याच्या. आणि झाडू पाटलांच्या.

"पेटीच फिरलेली हाय," अंजना म्हणाली. "कंपनीनं आतून तारा बदलल्या. दुकानदाराले माहीत होतं. त्यानं सांगतलं नाई."

पाटलांनी पेटी उचलून उलटसुलट करून पाहिली. मग, खरं सांगायचं तर, त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हंजे खोट पेटीत हाय," ते म्हणाले. "त्या मोहनसिंगले पाहातो मी." आणि हसले. "बरं झालं उलगडलं. ग्यानबा, पोरीले समजावून सांग, मोठ्या मानसाच्या नावानं असे खेळ करू नये. जा, पांदण खुली हाय."

ग्यानबानं हात जोडले. "चाल, पोरी. झालं. गाडी भेटन." त्याचे पाय वळलेसुद्धा होते. मी पेटीची तार गुंडाळायला घेतली.

आणि मग पाटलांनी सहज विचारलं, नातीच्या डोक्यावर हात ठेवून, "मंग खरं उत्तर काय हाय वो? झाडू कोनाच्या हाती लिवला तुवा?"

ग्यानबा थांबला. अंजनानं त्याच्याकडे पाहिलं. तिला सहज काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. तिनं पांढऱ्या टोपीची जुनी पेटी पुढं केली, त्यावर पान बसवलं आणि दोन्ही तारा पाटलांच्या हातात दिल्या.

"तुमीच लावून पाहा."

त्यांनी एक तार झाडूवर ठेवली. दुसरी पाटलावर. अंधार. ते खूश झाले. मग बोट उजव्या रांगेवरून खाली सरकायला लागलं. ते कोणता शब्द शोधत होते ते अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं. तो शब्द पानावर नव्हता. न्हावी, अंधार. शिंपी, अंधार. दुकानदार, अंधार. शेवटची ओळ राहिली. त्यांनी तार टेकवली आणि दिवा लागला.

नातीनं मोठ्यानं वाचलं. "ज्याचं अंगण, त्याच्या."

कुणी हसलं नाही. बाजाराला निघालेली माणसं आपल्या चपलांकडे बघत होती. मग दाराआडून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी दाबलेलं हसू फुटलं. पाटलांची सून असावी. अंगणातल्या त्या रेघा तिच्याच हातच्या होत्या.

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पहिल्या वेळी पाहुणे हसले होते, तेव्हा निदान ते खोटं होतं. त्यांनी तारा फेकल्या. "माफी मांग."

"कायची?" अंजना म्हणाली. "तुमच्या हाती झाडू देल्ला म्हून माफी मांगाची होती. तो तं म्या देल्लाच नाई. तुमीच म्हनले, खोट पेटीत हाय."

"हे काय लिवलं मंग? मले शिकवतं? माह्या आंगनात उभी राहून?"

"म्या पोराईसाठी लिवलं. तुमचं नाव कोठी हाय त्याच्यात?"

"ग्यान्या!" पाटील फाटकाकडे वळले. "तुही पोट्टी काय म्हनून राह्यली, आयकतं ना? आता तू सांग. तुमच्या घरचा झाडू कोठी गेला रे? तुह्या मायनं जल्मभर झाडलं हे आंगन. तिच्या हाताले काय झालं होतं? म्हन तिले, पाय धर म्हना. नाई तं आजच काट्या लागते पांदणीले. मंग तुहं वावर तुवा डोक्यावर घेऊन जा."

अंजना बापाकडे बघत होती. मला वाटतं, त्या क्षणी त्यानं नुसती मान हलवली असती तरी ती वाकली असती. वावर त्याचं होतं. काटे त्याच्या पायात जाणार होते. हे ठरवायचा हक्क तिनं त्यालाच देऊन टाकला होता.

ग्यानबा पुढं आला. वाकला. मला वाटलं, हा स्वतःच पाय धरतो. त्यानं खाली पडलेल्या तारा उचलल्या, पेटीभोवती गुंडाळल्या आणि पेटी काखेत मारली.

"पाटील," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका साधा होता की मागच्यांनी काय म्हणाला, काय म्हणाला असं विचारलं. "माही माय गेली. तिचं नाव नोका काढू. मी माहं आंगन झाडतो. रोज झाडतो. पोरीनं खरंच लिवलं." मग लेकीकडे वळून, "चाल. गाडी चुकन."

"ग्यान्या, पांदण बंद!"

"आयकलं म्या," ग्यानबा म्हणाला, मागं न बघता.

आम्ही फाट्यावर पोचेपर्यंत पाटलांचे गडी कोयते घेऊन बाभळीकडे निघालेले दिसले. गर्दीतलं कुणी आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आलं नाही. एक जण दुरूनच ओरडला, "आता खा म्हना पुठ्ठे!" आणि दोनतीन जण हसले.

पांदण आजही बंद आहे. अर्ज झाले, कुणीकुणी येऊन बघून गेलं, काट्यांच्या जागी नव्या काट्या पडल्या. मोहनसिंगनं अंजनाची पानं पुन्हा काही ठेवली नाहीत. तो लोकांना सांगतो की तिच्या पानांनी पेटी बिघडते, आणि लोक त्यावर विश्वास ठेवतात, कारण दुकान त्याचं आहे. हबीबनं मात्र फायलींच्या दोरीला ती पानं टांगली. नव्या पेटीच्या तारा कुठून कुठं जातात ते अंजनानं लावून लावून काढलं, आणि आता कोपऱ्यात लाल ठिपका असलेलं पान नव्या पेटीचं, बिनठिपक्याचं जुन्या. तरीही लोक चुकतात. चुकले की हिच्याच दारात येऊन भांडतात. ती पेटी मांडीवर घेते आणि चिंच मागते.

"हे कोणाच्या हाती?" हे पान तिनं दोन्ही पेट्यांसाठी केलं. हबीबनं सुचवून पाहिलं होतं, "वो झाडूवाला सवाल निकाल दे. बाकी सब अच्छा है."

परवा ग्यानबा आला होता. उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होता. नाल्याकडच्या वाटेनं जाऊन जाऊन टाचा फाटलेल्या. सुई अंजनाच्या हातात, टाच तिच्या मांडीवर.

"तुह्या एका पानापायी रोज काटे मोडून राह्यले मले," म्हातारा करवादला.

"मंग काढून टाकू का झाडू पानावरून?"

ग्यानबानं पाय ओढून घेतला.

"काढून तं पाह्य!"